गाडी मध्येच थांबली, धूर दिसला… उतरायचं का, आणि कुठल्या बाजूला?

माझा भाचा पिंपळे गुरवला राहतो. घरात बायको, सात वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी हैराण झालेली माझी बहीण. दर दिवाळीला ही सगळी वरात डबे-पिशव्या घेऊन जळगावला निघते. या वेळी तिकिटं काढली आणि त्याचा फोन आला, "मामा, ते परधाडे आपल्याच वाटेवर लागतं ना? ही म्हणते, तसं काही झालं तर काय करायचं ते मामांना विचारून ठेवा."

रेल्वेत मी एकतीस वर्षं गार्ड होतो. मी निवृत्त झालो आणि लगेच २०२२मध्ये आमच्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. मॅनेजर झालो असतो तर घरात थोडं जास्त ऐकलं गेलं असतं, पण ते राहिलं. भाच्याला फोनवर अर्धा तास सांगितलं, तरी ठेवताना वाटलं की निम्मं त्याच्या डोक्यावरून गेलं. म्हणून बैठक मारून लिहून काढलं. तुम्हीही दिवाळीला, यात्रेला, लग्नाला गाडीने निघणार असाल तर वाचून ठेवा.

आधी परधाड्याला काय झालं ते, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. २२ जानेवारी २०२५, संध्याकाळी पाचच्या आसपास. लखनौहून मुंबईला येणारी पुष्पक एक्स्प्रेस जळगाव सोडून पाचोऱ्याकडे निघालेली. जनरल डब्यात कोणीतरी ओरडलं, आग लागली. साखळी ओढली गेली, गाडी माहेजी आणि परधाडे यांच्या दरम्यान उभी राहिली आणि माणसं भराभर खाली उतरली. बरीचशी शेजारच्या रुळावर. त्या रुळावरून बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ माणसं गेली, बरीच जखमी झाली. आणि आग लागलेलीच नव्हती.

लोक म्हणतात, अफवेने माणसं मारली. मला ते अर्धंच पटतं. अफवा उठली आणि माणसं दुसऱ्या बाजूला उतरली असती, तर घाबरगुंडी उडाली असती, कोणाचा पाय मुरगळला असता, इतकंच. जीव गेले ते आपली गाडी उभी आहे म्हणजे आता सगळंच उभं आहे, असं धरून चालल्यामुळे. ८ मे २०२० ला करमाडजवळ तेच झालं. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद आहेत असं समजून जालन्याहून चालत निघालेले मजूर रुळावर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमृतसरला रावणदहन बघायला लोक रुळावर उभे होते. फटाक्यांच्या आवाजात गाडी ऐकूच आली नाही.

तर पहिली गोष्ट धुराची. डब्याखालून येणारा प्रत्येक धूर आगीचा नसतो. चाकाला धरलेला ब्रेक कधी कधी पूर्ण सुटत नाही, घासत राहतो. आम्ही त्याला ब्रेक बाइंडिंग म्हणतो. सायकलचा ब्रेक रिमला घासतो ना, तेच. फक्त इथे चाक टनाच्या हिशेबातलं. घासून घासून गरम होतं, निळसर धूर येतो, रात्री ठिणग्याही उडताना दिसतात. वास भाजलेल्या लोखंडाचा, जरा खवखवीत, घशात बसणारा. पुणे-मुंबई करणाऱ्यांना तो ओळखीचा असतो. खंडाळ्याहून मंकी हिलकडे गाडी उतरते तिथे ३७ला १ असा उतार आहे, ब्रेक लावतच खाली यावं लागतं, आणि त्या वासाने डब्यातला एखादा तरी नवखा प्रवासी नाक उडवत उठून बसतोच. रोजचे पासवाले पत्ते टाकत बसलेले असतात.

आगीचा वास वेगळा. वायर जळते तेव्हा प्लास्टिकचा, गोडसर आणि मळमळणारा. रेग्झिन, गादी, कपडा जळतो तेव्हा धूर डब्याच्या आत असतो, वर छताशी साठतो आणि काळपट असतो. म्हणून धूर दिसला की ओरडायच्या आधी एवढंच बघायचं: धूर बाहेरून, चाकाकडून येतोय की आत आहे? बाहेरून असेल तर खिडकी लावून घ्या, टीसीला, डब्यातल्या अटेंडंटला सांगा, रेल्वेच्या मदत क्रमांकाला, १३९ला फोन करा. बहुतेक वेळा गाडी जळत नाही. आत असेल तर पुढचं वाचा.

साखळी ओढायची का? आत खरोखर धूर, ज्वाळा असतील, कोणी दारातून पडलं असेल, तर बेधडक ओढा. विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली वर्षभरापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ते विनाकारणवाल्यांसाठी. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त साखळ्या ओढल्या गेल्या त्या शिवाजीनगरला, 'काकू खालीच राहिल्या' म्हणून. काकू बहुतेक वेळा मागच्या डब्यात चढलेल्या असायच्या.

साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतली हवा सुटते. नळीत हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला पाच किलो असतो, तो उतरला की ब्रेक आपोआप धरतात. ओढलेल्या डब्याच्या टोकाला हवा सुटल्याचा सूंऽऽ असा मोठा आवाज येत राहतो. नवखी माणसं त्या आवाजालाच घाबरतात, काहीतरी फुटलं म्हणून. काही फुटलेलं नसतं. गार्ड किंवा सहायक चालक येऊन खटका पूर्ववत करतो आणि आवाज थांबतो. आणि हो, गाडी पुलावर किंवा बोगद्यात असेल आणि आग अंगाशी आलेली नसेल, तर जरा दम धरा. पुलावर उतरायला जागा नसते आणि बोगद्यात धुराला.

आता उतरायचं.

शक्यतो उतरू नका. पुढच्या डब्यात जाता येत असेल तर तिकडे जा आणि मधलं दार लावून घ्या. डब्याखालच्या धुरासाठी तर उतरायचा प्रश्नच नाही. पण उतरावंच लागलं, तर माझ्या भाच्याने तळहातावर लिहून ठेवावं असं एक वाक्य: इंजिनाकडे तोंड करून डाव्या हाताला उतरायचं.

का? आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या रस्त्यासारख्याच डावीकडून चालतात. पुण्याहून मुंबईला निघालात तर तुमची गाडी अप लाइनवर, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांची डाउन लाइन तुमच्या उजव्या हाताला. म्हणजे डाव्या बाजूला साधारणपणे गटार, झुडपं, काटेरी कुंपण, उतार, आणि उजव्या बाजूला दुसरा रूळ. नेमकं इथेच माणूस फसतो. डावीकडे अंधार, खड्डा, चिखल दिसतो. उजवीकडे सपाट, स्वच्छ खडी दिसते. पाय आपोआप सपाट जागेकडे जातात. म्हातारं माणूस, कडेवर मूल असलं की तर नक्कीच. तुम्ही उतरताना स्वतःला सांगायचं: सपाट दिसतंय ती जागा दुसऱ्या गाडीची आहे, खड्डा माझा.

यालाही अपवाद आहेत. काही ठिकाणी तिसरा मार्ग टाकलाय, स्टेशनात तर सगळीकडे रूळच रूळ, कधी दुरुस्तीमुळे एकाच मार्गावरून दोन्हीकडच्या गाड्या सोडतात. म्हणून दारातून वाकून आधी बघायचं, पलीकडे रूळ आहेत का. दोन्हीकडे असतील तर डब्यातच थांबायचं. त्यातूनही आत थांबणं अशक्य झालं आणि उतरावंच लागलं, तर दोन्हीकडे नीट बघून रूळ पटकन पार करायचे आणि पार बाहेर जायचं.

दोन मार्गांच्या मध्ये उभं राहायची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाका. जुन्या मार्गांवर दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं अंतर कमीत कमी ४.२६५ मीटर असू शकतं. डबा साधारण सव्वातीन मीटर रुंद. हिशेब करा: एका मार्गावर तुमची गाडी उभी, दुसऱ्यावरून दुसरी आली, तर मधे उरते मीटरभर जागा. त्या मीटरभरात तुम्ही, तुमची पाठीवरची बॅग, आणि शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा वारा.

आणि वेग. ताशी ११० म्हणजे सेकंदाला तीस मीटर. वळणातून इंजिन तीनशे मीटरवर दिसलं तर तुमच्या हातात दहा सेकंद. ब्रेक लावून गाडी थांबायला जवळपास किलोमीटरभर लागतो. इंजिन विजेचं, जुन्या डिझेलसारखं धडधडत येत नाही. त्यात तुमच्या गाडीची हवा सुटण्याचा आवाज आणि माणसांचा कल्ला. परधाड्याला पुष्पकच्या चालकाने फ्लॅशर लावला होता आणि तो बघून कर्नाटकच्या चालकाने ब्रेकही लावले होते, असं रेल्वेने सांगितलं. पण तिथे वळण होतं.

फ्लॅशर म्हणजे इंजिनाच्या कपाळावरचा पिवळा, लपलपणारा दिवा. गाडी अचानक मध्येच थांबली की चालक तो लावतो. समोरून येणाऱ्या चालकाला तो दिसला की त्याने थांबायचं असतं. शिवाय कोणीतरी फटाके घेऊन रुळावर धावतं. दिवाळीचे नव्हेत. चपट्या डबीसारखे असतात, रुळावर पट्टीने बसवायचे; चाकाखाली आले की धडाम वाजतात आणि चालक समजतो. ब्रॉडगेजवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या रुंद मार्गावर, पहिला सहाशे मीटरवर आणि मग बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. बाराशे मीटर खडीतून, रात्री, दिवा हातात घेऊन पळून बघा एकदा. तेवढ्या वेळात तुम्ही रुळावर जाऊन बसलात तर आमच्या पळण्याचा उपयोग नाही.

माझ्या गाडीवर एकदा झालं होतं. पावसाळ्यातली रात्र, लोणावळ्याहून पुण्याकडे येत होतो. मळवली गेलं, कामशेत यायचं होतं. ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत होतो आणि तो झरझर खाली आला. गाडी थांबली. वॉकी-टॉकीवर चालकाला विचारलं, तो म्हणाला साखळी आहे, पुढून चौथ्या-पाचव्या डब्याला धूर दिसतोय. म्हटलं, फ्लॅशर लाव, सहायकाला पुढे पाठव. आपल्या समोरून येणारी गाडी पुण्याकडून येणार, म्हणजे धोका पुढच्या बाजूला. मी दिवा घेऊन पुढे निघालो. डब्याजवळ पोचलो तर तीस-चाळीस माणसं अप लाइनवर. पाऊस थांबला होता, रूळ ओले चकचकीत. एक गृहस्थ चक्क पलीकडच्या रुळावर बसून तंबाखू मळत होते. मी ओरडलो, "उठा!" तर म्हणाले, "साहेब, गाडी तर उभी आहे."

त्यांच्या दंडाला धरून उठवलं. तंबाखू सांडली, त्यांनी मला एक शिवी दिली. बाकीच्यांना दिव्याने डावीकडच्या बाजूला हाकललं. एका बाईची चप्पल खडीत अडकली होती, ती काढायला ती परत वळली, तिच्या नवऱ्याने तिला ओढली. पाच-सात मिनिटांनी अपची मालगाडी आली. तिच्या चालकाने फ्लॅशर पाहिला होता, ती सावकाश येऊन आमच्या इंजिनाच्या अलीकडे थांबली. तंबाखूवाले गृहस्थ तिच्या दिव्याकडे बघत बराच वेळ उभे होते. नंतर माझ्याकडे चुना मागायला आले. डब्याखाली ब्रेक बाइंडिंग होतं. त्या डब्याचा ब्रेक तोडून वेगळा केला आणि गाडी काढली. पुण्याला चाळीस मिनिटं उशिरा पोचलो.

उतरण्याची पद्धतही सांगतो, कारण हात-पाय मोडतात ते इथे. फलाट नसला की डब्याचा तळ उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो. उडी मारू नका. शिडीवरून उतरतो तसं डब्याकडे तोंड, बाहेरच्या जगाकडे पाठ, दोन्ही हातांनी दोन्ही दांडे घट्ट धरून एकेक पायरी. शेवटची पायरी आणि खडी यांच्यातही गुडघाभर अंतर राहतं, खडी पायाखालून सरकते. आधी एक धडधाकट माणूस खाली उतरवा, मग म्हातारी माणसं, मग मुलं हातोहात. सामान वरच. माझ्या बहिणीला हे वाक्य तीनदा वाचून दाखवा: फराळाचे डबे वरच. उतरल्यावर डब्याला चिकटून उभं राहू नका, खाली वाकून चाक बघू नका, चार-पाच पावलं बाजूला जा. वर विजेची तार २५,००० व्होल्टची असते. ती तुटून लोंबत असेल तर त्या बाजूला फिरकायचंच नाही.

आत आग असेल आणि दाराशी जाता येत नसेल तर आपत्कालीन खिडकी. बिगर-एसी डब्यात लाल खुणेच्या खिडकीचे गज वर सरकतात. एसीत काच फोडायला छोटा हातोडा अडकवलेला असतो. काच मध्यभागी ठोकून फुटत नाही, कोपऱ्यात ठोका. खाली वाका, ओला रुमाल नाकाशी. गाडीत बसलात की पहिल्या पाच मिनिटांत बघून ठेवा, तुमच्या डब्यात ही खिडकी कुठे आहे. भाच्याच्या मुलाला हे काम दिलंय, तो चोख करेल. फटाक्यांच्या पिशव्या, स्टोव्ह, गॅसची छोटी टाकी गाडीत न्यायची नाही, हे सांगायला लागू नये, पण दिवाळी आहे म्हणून सांगतो. कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद.

मदत मागताना लोक १३९ला सांगतात, "गाडी जंगलात थांबलीय." कुठल्या जंगलात? रुळाच्या कडेला विजेचे खांब असतात, प्रत्येकावर एक पाटी. वर किलोमीटर, खाली खांबाचा क्रमांक. १४०/१२ असं काहीतरी. आपल्या पुणे-लोणावळा मार्गावर ते किलोमीटर मुंबईपासून मोजलेले असतात. पुणे स्टेशन १९२च्या आसपास. खिडकीतून टॉर्च मारून तो आकडा वाचा आणि गाडी नंबरासोबत सांगा. एवढ्यावरून नियंत्रण कक्षाला तुम्ही कुठे आहात ते नेमकं कळतं.

गाडी सुटायच्या आधी शिटी वाजते, गार्ड सांगतो. परत चढतानाही त्याच बाजूने, सावकाश. पलीकडून चढायला गाडीच्या खालून वाकून जाणारे मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. चालत्या गाडीला धरू नका. कोणी खाली राहिलं तर आतल्यांनी पुन्हा साखळी ओढावी, ते कारण योग्यच आहे. आपली माणसं मोजून घ्या.

भाचा परवा निघाला. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या मुलाचा आवाज आला, "मामाआजोबा, मी इंजिनाकडे तोंड करून बसलोय, डावी बाजू लक्षात आहे, लाल खिडकी पण सापडली. पण आता दौंडला इंजिन दुसऱ्या बाजूला लावलं. आता डावी कुठली?" पोराने मला पकडलंच, कारण मी हे लिहायलाच विसरलो होतो. काही गाड्यांचं इंजिन वाटेत उलट्या टोकाला लागतं आणि आपली बसायची जागा तीच राहते. त्याला सांगितलं, उठून उलटा बस, आजीला पण उठव.